चकतीतल्या सुया

१. ओंडके

दुपारी दीड वाजता पडद्यावर चित्र उमटलं आणि आत्याच्या हातातलं पेन गळून पडलं. कुणीही ते उचललं नाही.

"हे काय आहे?" तपासणीस बाईंनी विचारलं.

 आत्याच्या हाताखाली काम करणारा संशोधक दादा चष्मा वर सरकवत पुटपुटला, "हे... ओंडके आहेत."

ओंडकेच होते. करड्या पडद्यावर काळे, जाडजूड. एक इथे, एक तिथे, मधे नुसतं मोकळं रान. आणि सकाळी धातूच्या याच चकतीत सुया होत्या! इतक्या बारीक, इतक्या दाट! काही आडव्या, काही उभ्या, आणि ज्या आपल्याकडे टोक करून उभ्या होत्या त्यांचे नुसते ठिपके. टकळी तेव्हा ओरडलीच होती, "आत्या, हे तर विणलेलं कापड आहे!"

टकळी म्हणजे आत्याची भाची. नाव वेगळं होतं, पण ते शाळेच्या हजेरीपुरतं. तोंड एकदा सुरू झालं की थांबायचं नाही, म्हणून घरीदारी सगळ्यांची टकळी. घरातल्या कुणाच्याही कामावर एक दिवस जा आणि चार पानं लिहून आणा, असा शाळेचा हुकूम होता. वर्गातल्या बाकीच्यांनी दुकानं आणि बँका निवडल्या. टकळीनं आत्या निवडली, कारण आत्याकडे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप होता. दोन माणसांएवढा उंच, तळघराच्या मधोमध रुसून बसलेल्या हत्तीसारखा.

आणि नेमकी आजच आत्याकडे खरीखुरी केस होती! अग्निशमन दलाच्या ॲल्युमिनियमच्या शिडीची पायरी तुटली होती. एक जवान दुसऱ्या मजल्याच्या उंचीवरून खाली आला होता, मांडीचं हाड तीन ठिकाणी मोडून. त्या पायरीतून कापलेली चकती आज मायक्रोस्कोपखाली होती, आणि प्रश्न साधा होता. पायरी कारखान्याच्या भट्टीत नीट भाजली होती का? पावणेदोनशे अंशांवर आठ तास भाजली, तर धातूच्या पोटात त्या सुया तयार होतात आणि धातूचे थर एकमेकांवरून सरकू देत नाहीत. म्हणजे धातू दणकट. भट्टी जास्त तापली किंवा जास्त वेळ राहिली, की बारीक सुया विरून जातात आणि त्यांच्या जिवावर थोडेच ओंडके पोसतात. म्हणजे धातू मऊ.

सुया असल्या तर भट्टीवाला निर्दोष. ओंडके असले तर त्याची नोकरी गेलीच, वर खटला.

"भट्टी तीनशेवर गेलेली दिसते," कारखान्याचे इंजिनीअर साहेब उसासा सोडून म्हणाले. "तासभर तरी तिथेच राहिली असणार. त्या माणसाला किती वेळा बजावलं होतं मी."

"ते ठीक आहे," बाई म्हणाल्या. त्या आत्याकडे वळल्या होत्या. "पण एका चकतीत सकाळी सुया आणि दुपारी ओंडके असू शकत नाहीत ना? मग सकाळी तुम्ही आम्हाला कुठली चकती दाखवलीत?"

२. चार सह्या

आत्या मायक्रोस्कोपकडे झेपावली. बाईंनी हात आडवा घातला.

"आता तुम्ही कशालाही हात लावायचा नाही."

"अहो, मीच तर..."

"म्हणूनच."

टकळीनं आत्याला कधी असं बघितलं नव्हतं. आत्या म्हणजे घरातल्या सगळ्या भांडणांची न्यायाधीश. ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि गळ्यातली मायक्रोस्कोपची किल्ली मुठीत धरून राहिली, कुणी हिसकावून घेईल अशी.

"मी वर जाऊन फोन करतो," इंजिनीअर साहेब दाराकडे निघाले. दार हातभर जाडीचं, मायक्रोस्कोपला बाहेरचा हादरा लागू नये म्हणून. साहेबांनी मूठ ओढली. दार ढिम्म.

दाराशेजारच्या जाळीतून पहारेकरी काकांचा आवाज आला, अगदी शांत, जणू सरबत हवंय का विचारत होते. "साहेब, सील सकाळी दहाला फोडलंय. चकती पेटीत, पेटीला सील, कागदावर चारही सह्या. मग दार."

नियमच तसा होता. खटल्यातला नमुना उघडला की तळघर बाहेरून बंद. आतले चौघे, म्हणजे आत्या, दादा, बाई आणि साहेब, सगळ्यांना मान्य असलेला एकच अहवाल सही करून दाराच्या फटीतून सरकवतील, तेव्हाच ते उघडायचं. मोबाईलसुद्धा वरच्या कपाटात.

"मग सही करू या," साहेब म्हणाले. "लिहा. मायक्रोस्कोप चालवणाऱ्या बाईंनी सकाळी दुसरी चकती दाखवली. पुरावा बदलला."

"मी यावर सही करणार नाही," आत्या म्हणाली.

"आणि मी याशिवाय दुसऱ्या कशावर करणार नाही."

"करू नका. बसा मग!" आत्याचा आवाज चिरकला.

बाईंनी घड्याळ बघितलं. "पाच वाजता मला अहवाल द्यावाच लागतो. सगळ्यांचं जमलं नाही, तर माझा एकटीचा जातो. आणि मी डोळ्यांनी जे बघितलं तेच लिहीन. दोन चकत्या." मग जरा खालच्या आवाजात आत्याला म्हणाल्या, "तुमची किल्ली जाईल. कायमची. मला वाईट वाटतं."

"दुसरी चकती काढा की त्या पायरीतून!" टकळीला राहवलं नाही.

"पायरी उरलीच नाही," दादा म्हणाला. "बाकीचा तुकडा ताणून तोडण्याच्या चाचण्यांत संपला. ही मसुरीएवढी चकती, बस."

खिडकी नव्हती. हवा यंत्राची, उजेड यंत्राचा. छताखालचा पंखा एका सुरात घुमत होता, आणि टकळीला पहिल्यांदाच जाणवलं की डोक्यावर दोन मजल्यांची माती आहे.

३. बदक

दादा बटणं फिरवत होता. बाईंनीच त्याला सांगितलं होतं, सगळी चकती नीट बघ, कुठे एखादी सुई सापडते का. चित्र लहान होत गेलं, म्हणजे लांबून दिसायला लागलं, आणि चकतीच्या मधलं भोक पडद्यावर आलं.

प्रत्येक चकतीला मधे भोक असतं. दोन्ही बाजूंनी आम्लाची धार सोडून चकती झिजवतात, भोक पडलं की थांबतात, आणि भोकाच्या काठाशी धातू इतका पातळ उरतो की इलेक्ट्रॉन आरपार जातात. काठ मात्र प्रत्येक वेळी आपल्या मर्जीनं तुटतो.

टकळीनं भोक बघितलं आणि ती पडद्याजवळ सरकली.

ते बदक होतं! चपटी चोच, फुगलेली छाती, शेपटीकडे एक तुटका तुरा. सकाळी आत्या बाईंच्या कागदांवर सह्या करायला तळघरातल्याच बाहेरच्या खोलीत गेली होती. तीन मिनिटं. तेव्हा टकळीनं एकटीनं हे बदक शोधलं होतं. आधी दादाला करताना बघितलं होतं तसं एक बटण फिरवलं, दुसरं दाबलं. खटकन फोटो. नाव दिलं "बदक". कसली खूश झाली होती ती! आयुष्यातला पहिला इलेक्ट्रॉनचा फोटो!

आणि आत येताना आत्यानं सही करून लिहून दिलं होतं: माझी भाची कशालाही हात लावणार नाही.

म्हणजे चकती बदललीच नव्हती. सकाळची तीच आताची. हे ठाऊक असलेली जगात एकच व्यक्ती होती, आणि तिनं तोंड उघडलं तर पहिला गुन्हा आत्याच्याच माथी बसत होता. खटल्यातला नमुना यंत्रात असताना एका शाळकरी पोरीच्या हाती बटणं दिली!

टकळीची टकळी बंद पडली.  दार बंद, तोंड बंद, सगळंच बंद.

तिनं आत्याकडे बघितलं. आत्या जमिनीकडे बघत होती.

ठीक आहे, टकळीनं मनाशी म्हटलं. बोलायचं नसेल तर विचारू तरी. चकती तीच असेल, तर जेवणाच्या सुट्टीत तिचं काहीतरी झालं. काय झालं? आणि कुणी केलं?

४. चौकशा

जेवणाची सुट्टी बारा ते सव्वा. चकती तेव्हा मायक्रोस्कोपच्या बाहेर होती. एका हातभर लांब पितळी दांडीच्या टोकाशी चिमट्यात बसवलेली, आणि दांडी नमुने तयार करायच्या खोलीत, काचेच्या झाकणाखाली. तिथे हात धुवायचं बेसिन होतं, त्यामुळे प्रत्येक जण तिकडे एकदा तरी जाऊन आला होता.

पहिला बळी दादा. तो त्याच खोलीत स्टुलावर बसून एका काळ्या पडलेल्या पट्टीकडे दुःखानं बघत होता.

"काय झालं तिला?"

"मेण जळालं. चार दिवसांचं काम गेलं." दादानं हॉटप्लेटकडे बोट दाखवलं. पुस्तकाएवढी ती गरम पाटी होती. "घासायच्या आधी नमुने मेणानं चिकटवतो मी. एकशेतीसवर ठेवून जेवायला गेलो. आलो तर धूर. यंत्र म्हातारं झालंय."

"तू कुठे होतास सुट्टीत?"

"टेबलावर डोकं ठेवून झोपलो होतो. पोलीस आहेस का गं तू?"

"घोरत होतास?"

"मी घोरत नाही!"

"घोरतोस," बाहेरून बाईंचा आवाज आला.

मग बाई. त्या तळघराच्या बोळातल्या बाकावर पाय चोळत बसल्या होत्या. सुट्टीभर त्यांनी तिथेच अर्ज भरले म्हणे.

"तुम्हाला कळतं का हो हे सुया नि ओंडके?"

"मला?" बाई हसल्या, पहिल्यांदाच. "मी पंचवीस वर्षं अपघात लिहितेय बाळा. गाडी, लिफ्ट, शिडी. आतलं मला आज सकाळी तुझ्या आत्यानं शिकवलं. छान शिकवते. म्हणून तर राग येतो."

"साहेब कुठे होते?"

"येरझाऱ्या घालत होते. आत जायचे, बाहेर यायचे. रक्तदाब आहे म्हणाले, चालावं लागतं."

साहेब मात्र पाण्याचा पेला घेऊन खुर्चीत बसले होते. टकळीला बघून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "काय?"

"शाळेसाठी लिहायचंय. साहेब, तीनशे अंश आणि एक तास हे तुम्ही नुसतं बघून ओळखलंत?"

"अनुभव लागतो."

"भारीच! आणि भट्टीवाल्यानं आधी कधी चूक केली होती का?"

"बावीस वर्षांत?" साहेब थबकले. "माणूस म्हटला की चुकतो कधीतरी. जा, आत्याकडे जा."

ती आत्याकडे गेली. आत्या मायक्रोस्कोपच्या पायाशी, जमिनीवरच बसली होती.

"आत्या, दुपारी दांडी आत घालताना तू चिडली होतीस. का गं?"

"व्हॅक्युम होईना. तीन वेळा हवा ओढावी लागली. सकाळी एका दमात झालं होतं." आत्यानं डोळे पुसले. "आता काय उपयोग त्याचा? टकळे, तू लिही तुझी चार पानं. लिही की आत्या असं काम करायची."

'करायची' म्हणाली ती. भूतकाळात!

टकळी उठली. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि तिला एकदम सगळं दिसलं.

५. कबुली

"मला बोलायचंय," ती मोठ्यानं म्हणाली. आवाज उंदरासारखा आला. म्हणून परत म्हणाली, "मला बोलायचंय! सगळ्यांनी इकडे या."

सगळे आले. करण्यासारखं दुसरं होतं तरी काय?

"चकती बदललेली नाही. सकाळीही हीच होती. माझ्याकडे पुरावा आहे." एक श्वास. "मी सकाळी मायक्रोस्कोपला हात लावला. आत्या खोलीत नव्हती. तिला माहीत नाही. मी फोटो काढला."

आत्याचं तोंड उघडंच राहिलं. टकळीला तिच्याकडे बघवेना. तिनं दादाला सांगितलं, "आजच्या फोटोंत 'बदक' शोध."

दादानं शोधलं. पडद्यावर डावीकडे बदक, अकरा वाजून बारा मिनिटांचं. उजवीकडे आत्ताचं भोक. चोच तीच, छाती तीच, तुटका तुरासुद्धा तोच. दादानं एकावर एक ठेवलं. केसभर फरक नाही.

"पोरीनं काढलेला फोटो!" साहेब उसळले. "आणि त्यात सुया कुठे दिसतायत? नुसतं भोक आहे!"

"भोक लांबून काढलंय, सुया दिसणारच नाहीत," दादा म्हणाला. त्याच्या आवाजात आता जरा धग आली होती. "पण यंत्राची नोंद बघा ना. दांडी दहा पन्नासला आत गेली, बाराला बाहेर आली. मधे एकदाही काढलेली नाही. सुयांचे फोटो अकरा पाच ते अकरा चाळीस. बदक अकरा बारा. म्हणजे बदक आणि सुया एकाच चकतीत आहेत!"

"मग ओंडके आले कुठून?" बाईंनी विचारलं.

"भाजले," टकळी म्हणाली. "कुणीतरी जेवणाच्या सुट्टीत चकती परत भाजली."

 आत्या एकदम पुढे झाली. दुपारपासून पहिल्यांदा. "हॉटप्लेट," ती म्हणाली.

सगळे त्या खोलीत घुसले. दादानं हॉटप्लेटचं बटण दाबलं. ती चालू होताना आधीचा आकडा दाखवते.

एकशेतीस नव्हतं. तीनशे होतं.

"माझं मेण!" दादा ओरडला.

६. रबराची कडी

"छान," साहेब म्हणाले. त्यांनी टाळीही वाजवली, एकदाच. "म्हणजे कुणीतरी भाजली. कुणी? इथे आपण चौघं आहोत आणि ही कारटी. तुमच्या दादाचीच हॉटप्लेट आहे."

"दादा नाही," टकळी म्हणाली. "त्याचा नमुना पाटीवर चिकटलेला होता. त्याला तीनशे करायचं असतं तर आधी स्वतःचं चार दिवसांचं काम उचलून ठेवलं असतं ना. आणि दुसरं म्हणजे... आत्या, दांडी दाखव."

बाईंनी मान डोलावली. सगळे परत मायक्रोस्कोपपाशी आले. आत्यानं दांडी बाहेर काढली आणि टोकाजवळच्या बारीक काळ्या कडीवरून बोट फिरवलं. तिचा चेहराच बदलला.

"ही रबराची कडी. हीच आतली पोकळी बंद करते. ती मऊ असायला हवी." तिनं नख लावलं. कडीचा कपचा उडाला. "भाजून कडक झालीय. म्हणून व्हॅक्युम होत नव्हता. अख्खी दांडीच टोकाकडून पाटीवर ठेवली कुणीतरी!"

"तू अशी ठेवशील का?" टकळीनं विचारलं.

"मी? दांडी तापवू? माझ्या दोन वर्षांच्या पगाराची आहे ती! चकती तापवायची असती तर चिमटा उघडून काढली असती, नुसती चकती भाजली असती, आणि परत बसवली असती. पाच मिनिटांचं काम."

"दादा?"

"कडी जपायची असते, हा मला इथे पहिल्या दिवशी मिळालेला पहिला ओरडा आहे."

"बघा मग." टकळी बोटांवर मोजायला लागली. "ज्यानं हे केलं त्याला ॲल्युमिनियम पाठ होतं. किती अंश, किती वेळ, सगळं. पण दांडी कशी वापरतात ते माहीत नव्हतं, चकती काढता येत नव्हती. आत्या आणि दादा दोन्ही जाणतात. बाईंना दोन्हीतलं काही येत नाही, सुया आणि ओंडके त्यांनी आज पहिल्यांदा बघितले. धातू येतो पण मायक्रोस्कोप येत नाही, असं इथे एकच माणूस आहे."

 सगळ्यांच्या माना साहेबांकडे वळल्या.

"मूर्खपणा आहे हा," साहेब म्हणाले. "मी कारखान्याचा माणूस. सुया दिसल्या तर माझा कारखाना सुटतो. मी स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेईन?"

इथे टकळी अडकली. खरंच अडकली! एवढं धावत आली आणि समोर भिंत. तिनं दादाकडे बघितलं, आत्याकडे बघितलं. आणि मग सगळ्यात साधा प्रश्न विचारला, जो सकाळपासून कुणीच विचारला नव्हता.

"पण पायरी नीट भाजलेली होती, तर मग ती तुटली का?"

दादा हळूच म्हणाला, "मग पायरीच बारीक असणार. मुळात आखतानाच."

बाईंनी पिशवीतून फाईल काढली. पानं उलटत गेल्या, एका नकाशाशी थांबल्या, चष्मा बदलला. "पायरीच्या नळीची जाडी. गेल्या वर्षी कमी केलीय. खाली सही आहे." त्यांनी वर बघितलं. "तुमची, साहेब."

"सही सगळ्याच नकाशांवर असते."

"आणि तीनशे अंश, एक तास?" दादानं विचारलं. "पडद्यावर चित्र येऊन अर्धं मिनिट झालं नव्हतं. एका फोटोवरून ते कुणालाच सांगता येत नाही. अडीचशेला दहा तास ठेवली तरी साधारण असंच दिसतं. तुम्ही ओळखलं नाहीत. तुम्हाला ठाऊक होतं."

७. दार

साहेब परत खुर्चीत जाऊन बसले. चार पन्नास झाले. टकळीला वाटलं, हा माणूस काही कबूल करायचा नाही. सही करणार नाही, आणि पाच वाजता बाईंचा कागद एकटाच जाईल, आणि दार... दाराचं काय होईल?

"दीड मिलिमीटर," साहेब म्हणाले. आवाज इतका साधा होता की सगळे दचकले. "शिडी हलकी हवी, शिडी हलकी हवी, सगळे माझ्या मागे लागले होते. दीड मिलिमीटर कमी केली. हिशेबात बसत होतं. माझ्या हिशेबात." त्यांनी कपाळ पुसलं. "सकाळी सुया बघितल्या आणि मला कळलं, आता सगळे नकाशा बघणार. भट्टीवाला दोन वर्षांत निवृत्तच होणार होता. म्हटलं..."

"काय म्हटलं?" आत्यानं विचारलं.

 साहेबांनी पेन मागितलं. दुपारपासून जमिनीवर पडलेलं आत्याचं पेन दादानं उचलून त्यांच्यापुढे ठेवलं.

अहवाल आत्यानं लिहिला. बाई वाचत होत्या, आणि मधेच थांबल्या. "हे वाक्य लिहायलाच हवं का? 'माझ्या भाचीनं माझ्या गैरहजेरीत यंत्र चालवलं.' फोटो तुम्ही काढलात असं म्हटलं तर कोण विचारतंय?"

टकळीचा जीव टांगणीला लागला. आत्यानं एक 'हो' म्हणावं, बस! एक शब्द!

"एका माणसानं एक गोष्ट लपवली आणि आपण साडेतीन तास इथे कोंडून पडलो," आत्या म्हणाली. "दुसरी मी लपवणार नाही. राहू दे ते."

चार सह्या झाल्या. चकती पेटीत गेली, पेटीला सील लागलं, कागद फटीतून सरकला. पलीकडे पहारेकरी काका वाचत होते. सावकाश, एकेक ओळ. मग कड्या सरकल्या आणि दार उघडलं. बाहेरची हवा आत आली, साधी, जिन्याच्या धुळीची हवा, आणि टकळीनं ती पाण्यासारखी प्यायली.

दाराबाहेरच्या बाकावर सकाळपासून एक म्हातारा माणूस बसला होता, मांडीवर टोपी ठेवून. त्याच्या दोन्ही हातांवर भाजल्याचे जुने डाग होते. आत्या त्याच्यापुढे थांबली.

"तुमची भट्टी बरोबर होती," ती म्हणाली.

तो उभा राहिला. टोपी काखेत धरून त्यानं हात जोडले. साहेब त्याच्या बाजूनं खाली मान घालून निघून गेले.

"किल्ली द्यावी लागेल, ताई," पहारेकरी काका संकोचून म्हणाले. कागद त्यांच्या हातातच होता. "नियम आहे. परक्याचा हात लागला की चालवणाऱ्याची किल्ली तीन महिने जमा."

आत्यानं गळ्यातली किल्ली काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. मुठीत धरून धरून तिच्या हातावर किल्लीचे दात उमटले होते. टकळीला रडू फुटलं. पूर्ण दिवसात पहिल्यांदा, आणि चांगलं मोठ्यानं.

"सॉरी, आत्या. सॉरी, सॉरी, सॉरी..."

"गप. तीन महिने म्हणजे काही कायमचं नाही." आत्यानं तिचं नाक ओढणीनं पुसलं, लहानपणी पुसायची तसं जोरात. "कान उपटणार आहे मी तुझे. घरी गेल्यावर. पण त्याआधी एक सांग, फोटो काढताना तू श्वास रोखला होतास का?"

"नाही. का?"

"बदक हललंय तुझं. कडा जराशा पुसट आल्यात." आत्या जिना चढायला लागली. "टेबलाला कोपर टेकवायचं नाही आणि श्वास रोखायचा. नीट लक्षात ठेव. तीन महिन्यांनी विचारीन."